सरस्वतीला पाय

माझ्या उजव्या हाताचा मला जेवढा त्रास झाला नसेल तेवढा मला मदत करणाऱ्यांचा झाला. हात बिचारा गप्प असतो. मदत करणारे कधी गप्प बसत नाहीत.

लहानपणी मला मोठा ताप आला होता. ताप उतरला तेव्हा उजवा हात खांद्यापासून खाली लोंबतच राहिला. बोटं जराशी हलतात, कोपर वर उचलता येत नाही, एवढंच. दोन हातांचं सुख काय असतं ते मला आठवतच नव्हतं, त्यामुळे मी त्यासाठी रडलेही नाही. पण अमरावतीला आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्याकडे माझ्या हातावर काहीतरी इलाज होता. कुणाकडे तेल, कुणाकडे ताईत, अचलपूरच्या आत्याकडे कसलासा काळा लेप. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला नेऊन मला वर्धेच्या पाण्यात दंडापर्यंत हात बुडवून उभी केली होती. हात जसा होता तसाच राहिला, वर मला सर्दी झाली. आणि येताना बैलगाडीत सगळे माझ्याकडे असे बघत होते की मीच मुद्दाम हात बरा होऊ दिला नाही!

बाबा भिक्षुकी करायचे. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं, श्राद्धं. गावात त्यांना मान होता, यजमान बरे होते, पण भिक्षुकाच्या घरात साठतं काय? आई शिलाई मशीनवर पोलकी शिवून द्यायची. मी मॅट्रिक झाले. माझ्या लग्नाचं कुणी काढत नव्हतं, मीही काढत नव्हते. आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, मी तिथेच बसलेली असताना, म्हणायची, "आमच्या मागं हिचं कसं होईन वं माय!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मला नोकरी पाहिजे होती. हौस म्हणून नव्हे, हे वाक्य बंद व्हावं म्हणून.

तेव्हा मराठीचं राज्य नुकतंच झालं होतं. कचेऱ्यांतून मराठीत कागद निघायला लागले होते आणि मराठी टायपिंग येणारं माणूस मिळत नव्हतं. इंग्रजी टायपिस्ट पुष्कळ, मराठी कुठून आणायचे? कचेरीत जागा निघणार आहेत, परीक्षा पास झालं की लागलीच, असं सगळे म्हणत होते. मी बाबांना म्हटलं, मला क्लासला घाला. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या हाताकडे नका पाहू. या हाताकडे पाहा."

जवाहर गेटच्या आत एका माडीवर टायपिंगचा क्लास होता. जिन्याखाली चपला काढून वर जायचं. ओळीने टेबलं, टेबलांवर काळी मशीनं, आणि हातात फुटपट्टी घेऊन फिरणारे सर. सर बाबांचे यजमान होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी मशीनं पुसून, त्यांना गंध-फूल वाहून पूजा व्हायची, ती बाबाच सांगायचे. त्यामुळे सरांनी मला "नाही" म्हटलं नाही. पण घेतलं तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्यावर एक सहनशीलता होती, तिने माझं डोकं उठायचं.

आता ज्यांनी मराठी मशीनवर कधी बोट ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका हाताने टाइप करता येतं. चांगलं येतं. ओळ संपली की कागद धरणारी गाडी ढकलायचा दांडा डाव्याच बाजूला असतो, दोन शब्दांत जागा सोडायची पट्टी अंगठ्याने दबते. अडतं फक्त शिफ्टपाशी. एकेका बटनावर दोन-दोन अक्षरं. खालचं पाहिजे तर नुसतं बटन दाबा, वरचं पाहिजे तर शिफ्ट दाबून धरा आणि मग बटन दाबा. इंग्रजीत ते वाक्याच्या सुरुवातीला, नावाला लागतं, म्हणजे कधीमधी. मराठीत अक्षरं जास्त आणि बटनं तेवढीच. त्यामुळे शिफ्ट शब्दाशब्दाला लागतं. करंगळीने शिफ्ट दाबून धरायचं आणि त्याच हाताने पार पलीकडचं बटन गाठायचं, हे करून पाहा एकदा. तळवा फाटतो की काय असं वाटतं. शिफ्ट अडकवून ठेवायचं एक बटन असतं, पण ते दर वेळी अडकवा आणि दर वेळी सोडवा म्हटलं की निम्मा वेळ त्यातच जातो. परीक्षेला मिनिटाला तीस शब्द पाहिजेत. माझे पंधरा-सोळाच्या पुढे जाईनात.

म्हणजे मला काय पाहिजे होतं? शिफ्ट दाबायला काहीतरी. बस्स. दुसरं काही नाही.

आणि लोकांनी मला काय दिलं? बोट!

सरांचं म्हणणं असं की टायपिंग म्हणजे दहा बोटं. पाच बोटांचं टायपिंग त्यांच्या शास्त्रात बसतच नव्हतं. त्यांनी बाबांना सांगितलं, गुरुजी, उजव्या हाताचं काहीतरी करा. बाबा मनापासून कामाला लागले. ओळखीच्या सुताराकडून त्यांनी एक लाकडी बोट करून आणलं. वीतभर लांब, टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मागे मनगटाला बांधायला चामड्याचा पट्टा. बांधलं. बोट फार सुबक होतं, पण ज्या हाताला बांधलं तो उचलायचा कुणी? मग कोपराखाली उशी आली. मग खांद्यावरून झोळी आली. झोळीत हात, हाताला बोट, बोटाला रबर, अशी मी क्लासात जाऊन बसले. सगळ्या मुली माना खाली घालून खुसूखुसू हसल्या, आणि हसणारच की! मलाच आरशात पाहून हसू आलं होतं. ते बोट मशीनच्या सळ्यांमध्ये जाऊन अडकायचं, आणि मी माझ्या चांगल्या हाताने माझा वाईट हात सोडवत बसायची. शिफ्टचं दुखणं जिथल्या तिथे.

मी घरी सांगितलं, "बाबा, हे बोट नको. मले बोट कमी नाही पडत."

"दम धर," बाबा म्हणाले. "सवयीनं जमते."

"शिफ्टचं काहीतरी करा."

"तू दम धर."

मग एक मामा मोर्शीहून येताना दुसरीच युक्ती घेऊन आले. कपाळाला पट्टा आणि पट्ट्याला काठी, डोक्याने बटनं दाबायची. म्हटलं, मामा, माझं डोकं आधीच फिरलेलं आहे. आई रागावली, पाहुण्यांशी असं बोलतात का म्हणून. प्रत्येकाला मी दहा बोटांची दिसायला पाहिजे होते. मला टाइप करता येतं का नाही, याची कुणाला पडलेली नव्हती.

शेवटी माझं मीच केलं. आई मशीनवर शिवत बसली होती. तिचे दोन्ही हात कापडावर, आणि खाली पाय चालू. मी किती वर्षं ते पाहत होते! त्या दिवशी पाहिलं आणि मला स्वतःचाच संताप आला, की इतके दिवस माझ्या डोक्यात हे आलं कसं नाही. दुसऱ्या दिवशी मी क्लासला जाताना परकराची एक जुनी नाडी कमरेला खोचून नेली. मशीन टेबलाच्या कडेपर्यंत ओढलं. शिफ्टचं बटन समोरच्या कोपऱ्यात असतं, त्याला नाडीचं एक टोक बांधलं, दुसऱ्या टोकाला फास करून तो पायाच्या अंगठ्यात अडकवला. पाय खाली दाबला की शिफ्ट खाली, सोडला की वर. हात मोकळा!

नाडी जरा ताणायची, अंगठ्याला काचायची, पण चाललं. अहो, चाललं! त्या तासाला मी सबंध उतारा कुठेही न थांबता टाइप केला. शेवटच्या ओळीला गाडी ढकलली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, सर आता शाबास म्हणतील.

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी आधी कागद पाहिला, मग नाडी पाहिली, मग नाडीच्या मागोमाग खाली पाहत पाहत माझ्या पायापर्यंत आले.

"पाय?" ते म्हणाले. "मशीनले पाय लावून राहिली तू?"

सगळ्या मशीनांची खडखड थांबली. सरांनी वाकून मशीनला हात लावला, तो कपाळाला लावला, पुन्हा मशीनला, पुन्हा कपाळाला. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण करतो ना, तसं. "अवं, सरस्वती आहे ते! जिच्यावर पोट चालते तिले पाय? अन् गुरुजीच्या घरची पोट्टी तू!"

संध्याकाळी सर घरी आले. बाबांनी पाट दिला, आईने चहा टाकला. सरांनी झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमीच सांगा. हे चालते का?"

मी दाराशी उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जानव्याशी चाळा करत ते म्हणाले, "नाही चालत."

झालं. दोन शब्दांत माझ्या नाडीचा निकाल लागला. सर गेल्यावर मी बाबांना गाठलं.

"कीर्तनात पायपेटी वाजवतात ना, बाबा? तीही सरस्वतीच ना? मग तिले पाय कसा चालते?"

"पायपेटीत पाय भात्याले लागते," बाबा म्हणाले. "सुराले नाही लागत."

"माझाही पाय नाडीले लागते. अक्षराले कुठं लागते?"

"वाद घालू नको."

"आई तर शिलाईच्या मशीनीले अख्खा पाय लावते आणि खंडेनवमीला त्याच मशीनीले हळदकुंकू वाहते. तुम्हीच मंत्र म्हणता!"

आतून आई म्हणाली, "खरं बोलून राहिली ते."

"तुम्ही दोघी गप्प बसा," बाबा म्हणाले आणि संध्येला उठून गेले. कुणाला उत्तर सुचलं नाही की त्या घरात संध्येची वेळ व्हायची.

त्या वर्षी सरांनी माझा परीक्षेचा फॉर्म पाठवला नाही. पुढे कचेरीत जागा निघाल्या, आमच्या क्लासमधल्या दोघी मुली लागल्या. त्यातली एक तर माझ्याच मशीनवर माझ्यानंतरच्या तासाला बसायची. ती पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला, तिच्याशी हसून बोलले आणि ती गेल्यावर परसात जाऊन ते लाकडी बोट चुलीच्या लाकडांत टाकून दिलं. आईने ते पाहिलं. आठ-दहा दिवसांत तिने अकोल्याला तिच्या बहिणीला निरोप धाडला आणि बाबांना सांगून टाकलं, "पोरगी मावशीकडे टायपिंग शिकाले जाते."

अकोल्याच्या टायपिंग क्लासचे सर कोर्टातून रिटायर झालेले. दिवसभर पान खायचे. मी पहिल्याच दिवशी त्यांना उजवा हात दाखवला, नाडी दाखवली आणि भांडायच्या तयारीने उभी राहिले. ते म्हणाले, "पाय लाव, नाही तर डोकं लाव. मले चुका नको." इतकं सरळ उत्तर ऐकायची मला सवयच नव्हती. मी उगाच आणखी थोडा वेळ उभी राहिले.

पण राग यायला माणसंच लागतात असं नाही, वस्तूही पुष्कळ असतात. नाडी रोज थोडी थोडी सैल व्हायची, मग अर्धंच शिफ्ट दबायचं आणि अक्षर ना वरचं ना खालचं, मधेच लटकलेलं उमटायचं. सुतळी लावली तर अंगठा सोलला. म्हणून मावशीच्या घरचा एक जुना पाट घेतला, त्याच्या एका कडेला बिजागऱ्या लावून तो फळीवर बसवला, आणि दुसऱ्या कडेला दप्तराचा खाकी पट्टा ठोकून तो वर शिफ्टला बांधला. म्हटलं, आता पाऊल ठेवलं की काम. मशीनपुढे बसले, तर पाय न लावताच शिफ्ट दबलेलं! पाट सागवानी, जड. त्याच्याच वजनाने बटन खाली ओढलं जायचं. सगळं पान वरच्या अक्षरांचं, वाचावं तर भुताने लिहिल्यासारखं. मी तो पाट उचलून अंगणात फेकला. मावशी म्हणाली, "अवं, जेवाचा पाट आहे तो!" मग वाण्याकडून चहाच्या खोक्याची पातळ फळी आणली. ती हलकी होती, पण चुकून पाय जोरात पडला की मोडायची. अशा किती मोडल्या! दर वेळी मावशीचे मिस्टर दारात उभे राहून म्हणायचे, "मी काही मदत करू का?" आणि मी ओरडायची, "नको!" बिचारे फार चांगले होते. त्यांना अजून कळलेलं नसेल की मी त्यांच्यावर का ओरडत होते.

शेवटी फळी टिकली. कडेला खाली चिंध्यांची गुंडाळी ठेवली की पाय आपटत नाही, हे कळायला मला सबंध पावसाळा लागला. पण मग हात असा चालायला लागला की अकोल्याचे सर पान चघळायचे थांबून नुसते ऐकत उभे राहायचे. तीस शब्दांच्या वर गेले. पुष्कळ वर गेले.

परीक्षेचं केंद्र अकोल्यालाच एका शाळेत होतं. तेव्हा मशीन ज्याचं त्याने न्यायचं. क्लासची मशीनं हातगाडीवर चादरी टाकून गेली, मी माझी फळी पिशवीत घालून नेली. बाबा आदल्या दिवशीच अमरावतीहून आले होते. मी नको म्हटलं होतं. पण पोरीची परीक्षा, बाप नाही आला तर लोक काय म्हणतील? धोतर, उपरणं, कपाळावर गंध, असे ते शाळेच्या व्हरांड्यात खिडकीशी उभे होते.

मी शाळेच्या बाकावर मशीन ठेवलं, खाली फळी मांडली, पट्टा बांधला, दोनदा दाबून पाहिलं. पर्यवेक्षक बाकांमधून फिरत फिरत आले. कोट घातलेले, भारी कडक माणूस.

"हे काय आहे?"

"शिफ्टचा पट्टा आहे. माझा उजवा हात चालत नाही."

"मशीनला काही बांधलेलं चालणार नाही."

मशीनांबरोबर आलेले आमचे सर पुढे झाले. म्हणाले, साहेब, नियमात चुकांचं लिहिलं आहे, वेगाचं लिहिलं आहे, पट्ट्याचं कुठं आहे? पर्यवेक्षक वाकले, खाली पाहिलं आणि त्यांना माझं पाऊल दिसलं.

"पायाने?" आवाज तोच. अमरावतीच्या माडीवरचा. शब्दही जवळपास तेच. "अहो, विद्येचं साधन आहे हे. इतकी मुलं बसलीत इथं. काय शिकतील?"

पुढची परीक्षा म्हणजे पुन्हा सहा महिने, आणि तिथेही असाच कुणीतरी वाकून पाहणार. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली. "ते कोण?"

"माझे वडील."

"या, गुरुजी, आत या," पर्यवेक्षक म्हणाले. "तुम्ही जाणते आहात. तुम्हीच सांगा, हे चालतं का?"

सगळा वर्ग माना वळवून पाहत होता. बाबा आत आले. मला कळून चुकलं की संपलं. हाच प्रश्न, हेच उत्तर. मी पट्टा सोडवायला खाली वाकलेसुद्धा.

बाबा म्हणाले, "पाय लागला तर नमस्कार करावा, इतकंच आहे. अक्षराअक्षराला करत बसली तर तिचा पेपर राहील. शेवटी एकदाच करेल."

"हे बरं सांगितलंत," पर्यवेक्षक म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले. घंटा झाली.

मी तो पेपर कसा टाइप केला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मला संताप आला होता. एवढंच होतं? दोन वाक्यं? एवढ्यासाठी माझं एक वर्ष गेलं, कचेरीतली जागा गेली, झोळीत हात घालून मुलींच्या पुढे बसले? मी बटनं अशी हाणत होते की शेजारचा मुलगा दचकून पाहायचा. पेपर संपला. पर्यवेक्षक लांबून पाहतच होते. मी डाव्या हाताने मशीनला नमस्कार केला, दात आवळून.

संध्याकाळी बाबांना गाडीवर बसवायला स्टेशनवर गेले. गाडी यायची होती. मी विचारलं, "हे अमरावतीला काहून नाही सांगितलं?"

तोंडावर विचारलं की बाबांना माझ्याशी खोटं बोलता यायचं नाही, हेही खरं.

"तिथं सर आपले यजमान," ते म्हणाले. "त्यांच्याच मशीनीची पूजा मी सांगतो. भटाच्या घरी सरस्वतीले पाय लावतात, असं एकानं म्हटलं का दहा घरी बोलावणं बंद. इथं मले कोण ओळखते?"

"म्हणजे तुम्हांला तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

मला वाटलं होतं, ते माझ्याशी चुकीचं वागले कारण त्यांचा त्यावर विश्वास होता. विश्वास असता तर मी भांडले असते, कधीतरी जिंकलेही असते. जिथे विश्वासच नाही तिथे भांडायचं कशाशी? मी म्हटलं, "मग मी इथंच राहते. अकोल्यात."

"राहा," बाबा म्हणाले. गाडी आली.

मी पास झाले. अकोल्याच्याच एका कचेरीत लागले. माझी फळी टेबलाखाली ठेवायला हेडक्लार्कने एक दिवस कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी त्याला एक तातडीचा कागद पाहिजे होता, मग कुरकुर संपली. सणासुदीला मी अमरावतीला जायची.

अशाच एका दिवाळीत जवाहर गेटचे सर घरी आले होते. बाबा आणि ते बाहेरच्या खोलीत बसलेले, मी आणि आई स्वयंपाकघरात. सर म्हणाले, "पोरगी लागली म्हणे नोकरीले? टायपिंगच्याच? हात बरा झाला वाटते."

आई आणि मी, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हो," बाबा म्हणाले. "देवीची कृपा."

"वा!" सर म्हणाले. "दहा बोटांनी करते मंग आता!"

बाबा "हं" म्हणाले.

मी उठले. आईने माझा पदर धरला. "जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "यजमान आहेत." मी पदर सोडवला, चहाचा कप घेतला आणि बाहेर गेले. आमच्याकडे पाहुण्याला डाव्या हाताने काही देत नाहीत. मी सरांच्या अगदी पुढे जाऊन उभी राहिले, उजवा हात जसा लोंबतो तसा लोंबू दिला आणि डाव्या हाताने कप त्यांच्यापुढे धरला. कप घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर गेली, मग बाबांवर.

"साखर बरोबर आहे का पाहा," मी म्हटलं.

सरांनी कप घेतला. बाबा खाली सतरंजीकडे पाहत होते. मी दुसरा कप आणायला आत गेले, बाबांचा.